दोरीचं दुसरं टोक

माझ्या नणंदेनं पन्नाशी जवळ आल्यावर पळायला सुरुवात केली, तेव्हा मी पोट धरून हसले होते. त्याआधी त्या बस पकडायलासुद्धा कधी पळाल्या नव्हत्या. बस गेली तर जाऊ दे, दुसरी येईल, गरज बसवाल्याला आहे, मला नाही, असा एकूण कारभार. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. माझ्या नवऱ्याहून त्या मोठ्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. मी लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातले डबे दाखवले आणि म्हणाल्या, "हे आता तुझं. मी यात लुडबुड करणार नाही. तू माझ्या कपाटात करू नकोस." दोघींनीही शब्द पाळला. नणंद-भावजयीची जुंपलेली बघायला टपलेल्या शेजारणींची फार निराशा झाली.

वन्सं मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या. वॉर्डांतून मळक्या कपड्यांची बंडलं ट्रॉलीवर येतात, ती उकळत्या पाण्यात धुवायची, पिळायची, गरम रोलरमधून काढायची आणि घड्या घालून परत पाठवायची. मी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा वाफेनं माझा चष्माच आंधळा झाला. चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते. चादर ताणून धरायची, एकाच वेळी झटका द्यायचा, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावायचं. एकीनं ढिलाई केली की पोटात चुणी पडते, आणि ती चुणी पेशंटच्या पाठीला टोचत राहते, असं वन्सं नव्या बायकांना दरडावून सांगायच्या. दिवसभर उभ्यानं काम. घरी यायच्या तेव्हा पाय सुजलेले असायचे. "दमलात का?" विचारलं तर म्हणायच्या, "बूट आखडलेत." दमले हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. बूट आखडायचे, जिने उंच व्हायचे, हवा जड व्हायची, पण वन्सं दमायच्या नाहीत.

तर हे पळण्याचं खूळ आलं एका धडकेतून. हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्रीपासून मुख्य इमारतीपर्यंत एक लांबलचक बोळ आहे. एका सकाळी वन्सं चादरींनी शिगोशीग भरलेली ट्रॉली ढकलत चालल्या होत्या आणि समोरून कुणीतरी पळत येऊन ट्रॉलीवर आपटलं.

"दिसत नाही का हो तुम्हाला?" समोरची बाई ओरडली.

"मला म्हणतेस? तुला दिसत नाही का?" वन्संही काही कमी नव्हत्या.

"नाही दिसत," ती म्हणाली. "आता तुमचं कारण सांगा."

ती हॉस्पिटलची टेलिफोन ऑपरेटर होती. जन्मापासून आंधळी. रस्त्यावर गाड्या आणि खड्डे, मैदानात पोरांचे चेंडू, म्हणून ड्यूटीच्या आधी ती तळघरातल्या बोळात भिंतीला बोटं लावून पळायची. ती एकच जागा सरळ होती. हे घरी येऊन सांगताना वन्संच्या कपाळावर टेंगूळ होतं. आम्हाला वाटलं, आता तक्रार करतील. तर म्हणाल्या, "पोरगी फटकळ आहे. मला आवडली." फटकळपणात वन्संचा हात धरणारी कुणी भेटली नव्हती, ती भेटली, असं आमचे हे म्हणाले. अर्थात हळू आवाजात.

मग वन्संनी एक दोरी केली. बंडलं बांधायची पांढरी सुती पट्टी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना फास शिवले, बोटं अडकतील एवढे. एक फास ऑपरेटरच्या हातात, दुसरा वन्संच्या. दोघींनी शेजारी शेजारी पळायचं, पावलाला पाऊल लावून, हाताला हात लावून. यातला नियम असा की दोरी सैल राहिली पाहिजे. वाट दाखवणाऱ्यानं ओढायचं नाही आणि दुसऱ्यानं ओढवून घ्यायचं नाही. वन्संचा जन्म चादरी ताणण्यात गेलेला. पहिले काही आठवडे वन्सं त्या बिचारीला फरफटवत होत्या. शेवटी ती म्हणाली, "ताई, मी काय चादर आहे?" तेव्हापासून त्यांचा हात सैल पडला.

दिसतं ते सगळं वन्संनी तोंडानं सांगायचं. डावं वळण, उजवं वळण, चढ, खड्डा, गतिरोधक. वन्सं तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. "उजवीकडून लठ्ठ माणूस कुत्र्याला फिरवतोय. कुत्रा शहाणा दिसतो, माणूस नाही." हसून हसून ऑपरेटरचं पाऊल चुकायचं. मी भाजी आणायला निघाले की कधीकधी रस्त्याच्या पलीकडून आधी वन्संचा आवाज ऐकू यायचा आणि मागून दोघी दिसायच्या. घरात मोजून मापून बोलणारी बाई, रस्त्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुरू. माझं हसणं हळूहळू बंद झालं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं आनंदात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थोडी जळलेही.

आमच्या शहरात वर्षातून एकदा मोठी शर्यत होते. त्यात न दिसणाऱ्यांचा वेगळा गट असतो. दोघी दरवर्षी पळायच्या, कधी चौथ्या, कधी पाचव्या. त्या वर्षी जाहीर झालं की पहिल्या तिघींना देशाच्या संघाच्या सराव शिबिरात घेणार. शिबिराला वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी ऑपरेटर त्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. ती पोरगी, पोरगी म्हणते पण चाळिशीला टेकलेली बाई, वेड्यासारखी सरावाला लागली. टेलिफोनवर लोकांना वॉर्ड जोडून देतादेता टेबलाखाली पायांचे व्यायाम करायची म्हणे. दोघींचा वेग कधी नव्हे इतका जमून आला होता. वाट दाखवणारी म्हणून वन्संचं नाव लागलं आणि नाव बदलायची मुदतही संपली.

आणि वन्संना ताप आला.

आधी म्हणाल्या, वाफ डोक्यात गेलीय. मग म्हणाल्या, रोलरची गरमी आहे. वॉर्डांत तेव्हा तापाची साथच होती आणि त्या पेशंटांच्या चादरी वन्संच्याच हातांखालून जात होत्या. आठवडाभर अंथरुणाला खिळल्या. ताप उतरला, पण माणूस काही पूर्वीचं राहिलं नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढताना वन्सं प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचायला लागल्या. जन्मभर त्याच पाट्या, त्यात नवीन काय असणार? मी वरून कठड्यावरून पाहत होते. एका हातानं त्यांनी कठडा धरला होता आणि दुसरा छातीवर होता.

मी सरळ त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. यंत्रं लावली, रक्त काढलं. डॉक्टरबाई वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, "तापानं हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे. विश्रांती घेतली तर बहुतेक उतरेल. पण तीन महिने पळायचं नाही. पळताना हृदयाची लय बिघडली तर माणूस जागच्या जागी जातो."

"चालताना?" वन्संनी विचारलं.

"हळू चाललात तर चालेल."

"मग हळू पळलं तर?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

शर्यत दोन आठवड्यांवर आली होती. रिक्षात बसल्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तिला यातलं काही सांगायचं नाही. तुला माझी शपथ आहे."

"आणि तुम्ही?"

"मी बघेन काय करायचं ते. अजून ठरवलं नाही."

हे मात्र खोटं नव्हतं. त्या दिवसांत मी त्यांना ठरवताना पाहिलं आहे. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, पायात पळायचे बूट घालून. थोड्या वेळानं बूट काढायच्या. परत घालायच्या. आमचे हे एकदा म्हणाले, "अक्का, जीव का शर्यत, यात विचार करण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या, "शर्यत माझी असती तर केलाच नसता." तेव्हा मला कळलं की ह्या बाईला मरणाची भीती घालून उपयोग नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. ऑपरेटरनं एकदा मला सांगितलं होतं की लहानपणापासून तिला जे जे हवं होतं ते 'कुणी न्यायला असतं तर' मिळालं असतं. ऐन वेळी न्यायला नसलेल्यांतलं एक वन्संना व्हायचं नव्हतं.

सकाळचा सराव त्यांनी पुन्हा सुरू केला. ऑपरेटरला सांगितलं, तापानं जरा अशक्तपणा आहे, हळू पळू. घरी येऊन कॉटवर पडायच्या आणि मला बघून उठून बसायच्या. माझी अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बोलावं तर शपथ, न बोलावं तर उद्या कुणीतरी दारात येऊन सांगायचं की चला, लवकर चला. शेवटी मी विचार केला. शपथ मोडल्यानं कुणी मेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पळाल्यानं मात्र मरेल असं एक शिकलेली बाई तोंडावर सांगून गेली होती. मी चप्पल घातली आणि हॉस्पिटल गाठलं.

टेलिफोनची खोली म्हणजे कोंदट कपाटच. खिडकीला जाड पडदा, कारण आतल्या माणसाला उजेडाचं काही कौतुक नाही. ऑपरेटरच्या कानाला फोनचं यंत्र होतं आणि बोटं बटणांवर नाचत होती. माझं पाऊल वाजताच म्हणाली, "वहिनी ना? बसा. हाडांचा वॉर्ड जोडते आणि आले."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंचे शब्द जसेच्या तसे. फोन वाजत राहिला आणि तिनं तो पहिल्यांदाच वाजू दिला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणजे एवढं नव्हतं माहीत. पण दोरी ताणलेली आहे हे कळत होतं. ताई माझ्या मागे पडतेय आणि ते कळू नये म्हणून हात पुढे धरतेय. आणि श्वास. तो तर मी सगळ्या रस्ताभर ऐकते."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं. मग मला नको म्हणावं लागलं असतं." तिनं कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "मला पळायचंय हो वहिनी."

मी चिडून गेले होते, पोरीला चार शब्द सुनवायच्या तयारीनं. पण एवढं खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

संध्याकाळी ती काठी टेकत आमच्या घरी आली. वन्संनी दार उघडलं, तिला पाहिलं, मग मान वळवून मला पाहिलं. "फितूर!" एवढंच म्हणाल्या. पुढे चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मीठ हवं असलं तरी ह्यांच्यामार्फत मागायच्या.

"ताई, आपण पळायचं नाही," ऑपरेटर म्हणाली.

"तू कोण ठरवणार? हृदय माझं आहे."

"पळणार मी आहे."

"मग पळ. दुसरं टोक कोण धरणार? वहिनी?"

मी काही विनोदाच्या मनःस्थितीत नव्हते. दोघींची खूप वादावादी झाली. शेवटी आवाज खाली आले आणि मी दाराआडून ऐकलं, कारण फितूर ठरल्यावर लाजायचं कशाला? वन्सं म्हणत होत्या, "हे बघ. मला माझं शरीर कळतं. जड वाटलं तर मी सांगेन. त्या क्षणी थांबू."

"नक्की सांगशील? मला एकच शब्द हवा. थांब. बाकी काही नको."

"सांगेन."

ऑपरेटरला त्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता, म्हणून तिनं ठेवला. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ह्या बाईच्या तोंडात तो शब्दच नाही. मला कुणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी शर्यत होती. आमचे हे शेवटच्या रेषेपाशी टॉवेल घेऊन उभे राहिले. मी लाँड्रीच्या फाटकापाशी गेले. शर्यतीचा रस्ता हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला धरून येतो आणि लाँड्रीच्या फाटकासमोर डावीकडे गल्लीत वळतो. सरळ पुढे तेव्हा नव्या इमारतीसाठी खणून ठेवलं होतं आणि आडवे लोखंडी कठडे लावले होते. लाँड्रीला रविवार नसतो. फाटकातून रोजच्यासारखी वाफ बाहेर येत होती, साबणाचा आणि तापलेल्या कापडाचा वास येत होता. वन्संच्या सोबतिणी ॲप्रन न काढताच बाहेर येऊन उभ्या होत्या. त्यांना आजाराचं काही ठाऊक नव्हतं. त्या टाळ्या वाजवायला आल्या होत्या.

आधी डोळस तरुण मंडळी वाऱ्यासारखी गेली. मग बाकीचे घोळक्याघोळक्यानं. न दिसणाऱ्यांच्या गटातली पहिली जोडी गेली, पाठोपाठ दुसरी. मग आमच्या दोघी दिसल्या. तिसऱ्या! लाँड्रीतल्या बायकांनी एकच गलका केला. मीही केला, कबूल करते. इतका वेळ मनात देवाचा धावा चाललेला, आणि तिसऱ्या म्हटल्यावर माझेही हात वर गेले.

मग माझ्या लक्षात आलं की वन्सं बोलत नाहीत.

तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. दोरी दोघींच्या मध्ये ताठ झाली होती. सगळे डावीकडे वळत होते आणि ह्या दोघी सरळ येत होत्या, त्याच वेगात, कठड्यांच्या दिशेनं. मी ओरडले, "वन्सं, वळा!" गलक्यात ते माझ्या मलाच ऐकू आलं नाही.

ऑपरेटरचा चेहरा जरासा वर झाला, माणूस वास घेतो तसा. आणि तिनं बोटं सरळ केली. फास निसटला आणि दोरी खाली लोंबली. शर्यतीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. दोरी सुटली की जोडी बाद. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात अंगाशी घेऊन, आणि मागून येणारी माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी धडाधड पळत गेली. एकाचा खांदा लागला, ती हेलपाटली, तरी जागची हलली नाही. वन्सं आणखी काही पावलं तशाच पुढे गेल्या. त्यांचा हात कठड्याला लागला आणि त्या तिथेच बसल्या.

मी जन्मात पळाले नव्हते. त्या दिवशी पळाले. लाँड्रीच्या बायकांनी ऑपरेटरला बाजूला घेतलं आणि मी वन्संपाशी पोचले. ओठ राखेसारखे झाले होते. माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "तिनं दोरी सोडली! मी वळणारच होते. तिसऱ्या होतो आम्ही, वहिनी, आणि तिनं सोडली!"

हॉस्पिटल दोन पावलांवर होतं, हे नशीब. हृदयाची लय बिघडली होती. ती औषधांनी जागेवर आणली. वन्सं स्वतःच कधीतरी घडी घातलेल्या चादरीवर आडव्या होत्या. दुसऱ्या दिवशी जरा शुद्धीत आल्यावर पाठ चाचपून म्हणाल्या, "चुणी आहे." तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

ऑपरेटर रोज ड्यूटी संपली की वॉर्डात यायची. वन्सं तिचं पाऊल ऐकून भिंतीकडे तोंड करायच्या. ती स्टुलावर बसायची. एकदा म्हणाली, "ताई, भिंतीकडे तोंड केलंस ना? श्वास भिंतीवरून येतोय." ती आणखी थोडा वेळ बसली आणि काठी टेकत निघून गेली. शिबिराला तिघी निवडल्या गेल्या होत्या. तिसरी कुणीतरी भलतीच होती.

घरी आल्यावरही तेच. ऑपरेटरचा फोन आला की वन्सं झोपल्याचं सोंग करायच्या. मला वाटलं, शर्यत हुकल्याचा राग आहे. महिनाभर मी सोसलं आणि एके दुपारी माझा पारा चढला. डाळ निवडताना ताट बाजूला आपटून मी म्हणाले, "त्या पोरीनं तुमच्यासाठी जन्माची एकुलती एक संधी रस्त्यात टाकली. तुमचा जीव वाचवला. आणि तुम्ही तिच्यावरच रुसून बसताय? लाज वाटत नाही?"

वन्सं म्हणाल्या, "वाटते. म्हणून तर."

मी उठून टेलिफोनच्या खोलीत फोन करून सांगितलं की उद्या चहाला ये. फितूर तर फितूर.

ती आली. वन्सं गॅलरीतल्या खुर्चीत होत्या, उठून आत जायच्या आधीच ती समोर येऊन बसली. मी चहा ठेवला आणि आत जायला निघाले, तर वन्सं म्हणाल्या, "तू पण थांब. तूही ऐक."

मग खाली बघत, एकेक शब्द ओढून काढल्यासारख्या बोलायला लागल्या. "त्या दिवशी मला वळण दिसलंच नाही. वळणारच होते म्हणाले, ते खोटं. सिग्नलपासूनच डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आधी कडेचं गेलं, मग रस्ता गेला. नुसता पायांचा आवाज येत होता. मी तुला हाताला धरून कुठे नेत होते, मलाच माहीत नव्हतं. तरी मी थांब म्हणाले नाही. तोंडापर्यंत आलं होतं गं. म्हणाले नाही."

ऑपरेटरनं कपबशी चाचपून खाली ठेवली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "लाँड्रीची वाफ नाकात आली आणि तू वळण म्हणाली नाहीस. रोज म्हणतेस. वाफेला दोन शिव्याही देतेस. तेव्हा कळलं की तुला दिसत नाही."

"मग मला ओढून थांबवायचंस. मध्येच उभी कशाला राहिलीस? एवढी माणसं धावत होती."

"ओढलं असतं तर तू मला ओढून नेलं असतंस. चादरवालीचा हात आहे तुझा." थोडं थांबून ती म्हणाली, "भीती वाटली खूप. सगळीकडून पाय येत होते. एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. आणि रागही आला तुझा. मी एकच शब्द मागितला होता."

वन्सं रडायला लागल्या. सासूबाई गेल्या तेव्हा रडल्या नव्हत्या, त्या आता खांदे गदगदवून रडत होत्या. ऑपरेटरनं त्यांना गप्प केलं नाही. तिलाही रडू येत होतं, आणि ते शिबिराचंही होतं, हे तिनं लपवलं नाही. "मला जायचं होतं तिथं," ती दोनदा म्हणाली. वन्सं म्हणाल्या, "हो."

चहा गार झाला. मी तो परत गरम करून आणला तेव्हा वन्संच्या कपाटाचं दार उघडं होतं आणि त्यांच्या हातात ती पांढरी पट्टी होती. धुतलेली, इस्त्री केलेली, चुणी नसलेली. कधी केली होती कोण जाणे. त्यांनी एक फास ऑपरेटरच्या बोटांत अडकवला. "कोपऱ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "चालत. डॉक्टरांनी सांगितलंय."

दोघी जिना उतरल्या. मी गॅलरीतून बघत होते. वन्संचा आवाज खालून वर येत होता, आधी बारीक, मग जरा मोठा. "पायरी. आणखी एक. संपल्या. उजवीकडे सायकल लावलीय कुणीतरी, मूर्ख माणूस." दोरी दोघींच्या मध्ये झोळीसारखी लोंबत होती. दिव्याच्या खांबापर्यंत पोचल्या, त्याच्या पुढच्या दुकानापर्यंत गेल्या. कोपरा अजून बराच लांब होता. तिथे वन्संची पावलं हळू झाली आणि मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

"थांब गं," वन्सं म्हणाल्या. "मी दमले."

ऑपरेटर थांबली. दोघी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसल्या.